सत्तावीस की बहात्तर: चाकणच्या गोडाऊनमधले सहा आठवडे

कॉलेजला इंटर्नशिपचा जो रिपोर्ट दिला तो अठरा पानांचा होता, त्यात इनबाउंड, आउटबाउंड, फ्लोचार्ट सगळं होतं, सरांनी सहीपण केली. पण ज्याची खरी केस स्टडी व्हायला हवी होती ते त्यात नव्हतंच, कारण त्याला कॉलमच नव्हता. चार अनोळखी पोरं एका गोडाऊनमध्ये दोन आठवडे एकमेकांशी धड बोलत नाहीत आणि चौथ्या आठवड्यात न विचारता एकमेकांच्या डब्यात हात घालायला लागतात, हे मधल्या चार दिवसांत कसं झालं तेवढंच इथे लिहितेय. कंपनीचं नाव घेणार नाही, माणसांचंही नाही.

जागा आणि माणसं

२०२५ चा उन्हाळा, १२ मे ते २१ जून. चाकण एमआयडीसीत गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं गोडाऊन. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, गॅस्केट, वायपर, बल्ब असला माल वेगवेगळ्या कंपन्यांकडून येतो, रॅकवर चढतो आणि गॅरेजवाल्यांच्या ऑर्डरप्रमाणे निघतो. वर पत्रा, खाली सिमेंट, मेमध्ये दुपारी दोनला आत उभं राहिलं की डोक्यावर तवा ठेवल्यासारखं वाटायचं.

आम्ही चौघं चार कॉलेजांतून आलेलो, सगळे बीकॉम नाहीतर बीबीएवाले. पहिल्या दिवशी गेटवरच्या सिक्युरिटी काकांनी रजिस्टरमध्ये लिहायला "कुठून आलात" विचारलं आणि तीच नावं चिकटली. भोरकर, भोसरीत कॉट बेसिसवर राहायचा. सासवडकर, ती भोसरीतच आत्याकडे राहायची आणि शनिवारी गावी जायची. नगरकर, जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे पण तो स्वतः अजून नगरच म्हणतो. आणि मी कोथरूडची, पण नगरकर मला "पेठ" म्हणायचा, कोथरूड आणि सदाशिव पेठ यात काही फरक असतो हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

माझा प्रवास म्हणजे वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलायची, नाशिक फाट्याला उतरायचं आणि तिथून पुढे मिळेल ते. मोशीच्या पुढे ट्रॅफिक आणि चाकणचा तळेगाव चौक, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

पहिले दोन आठवडे

पहिल्या दिवशी एचआरच्या मॅडमनी आम्हाला एसी रूममध्ये बसवून तो गेम घेतला, स्वतःबद्दल दोन खऱ्या आणि एक खोटी गोष्ट सांगायची. मी काय सांगितलं ते मलाच आठवत नाही. चौघांना टी-शर्ट दिले, फोटो काढला, संपलं.

त्यानंतर आम्ही एकमेकांना "तुम्ही" म्हणायचो. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, "तुम्ही जेवलात का", "तुमचा स्कॅनर झाला का". कॉलेजात पहिल्या तासाला "ए" म्हणणारी माणसं आम्ही.

याचं कारण माझ्या मते भिंतीवर होतं. पिकिंगच्या, म्हणजे रॅकवरून ऑर्डरचा माल काढायच्या सेक्शनला एक व्हाइट बोर्ड, त्यावर आमच्या चौघांची नावं, समोर रोजच्या किती लाइन्स पिक केल्या आणि किती चुका झाल्या. लाइन म्हणजे पिकलिस्टमधली, काढायच्या मालाच्या यादीतली एक ओळ, अमुक पार्ट, अमुक बिन (रॅकवरचा कप्पा), इतके नग. सुपरवायझर सरांनी सांगितलेलं की शेवटी एकाला नोकरीसाठी विचारणार. झालं. नगरकर पहिल्या दिवसापासून सुटला. बिनचे नंबर पाठ, चालणं असं की पायाला स्प्रिंग, आणि आम्ही काही विचारलं की "बघा ना स्क्रीनवर असेल". त्या वेळी मला तो अत्यंत आगाऊ वाटायचा. नंतर कळलं की घरचं दुकान बंद झालेलं आणि त्याला ती नोकरी खरंच पाहिजे होती, पण हे कळायला आधी बोलावं लागतं नं.

सासवडकरने पहिल्या आठवड्यात घरचे अंजीर आणलेले, मीठ्या बहाराचे, म्हणजे उन्हाळ्याच्या हंगामातले, शेवटचे शेवटचे. डबा उघडून टेबलाच्या मध्ये ठेवला. आम्ही तिघांनी एकेक घेतला, "छान आहेत हां" म्हणालो आणि आपापल्या मोबाइलमध्ये गेलो. म्हणून कोणी म्हणालं की एकत्र जेवलं की मैत्री होते, तर मला ते अंजीर आठवतात.

दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली आणि या केसमध्ये ती महत्त्वाची आहे म्हणून नीट सांगते. पिकलिस्टवर ब्रेक पॅडचे २ बॉक्स होते. मी २ नग काढले. नग की बॉक्स हा घोळ गोडाऊनमध्ये नवीन माणूस हमखास करतो, कारण आकडा बरोबर असतो, त्याच्यापुढचं छोटं अक्षर आपण वाचत नाही. गॅरेजवाल्याचा फोन आला, माल कमी आला म्हणून. पण मी वापरलेला स्कॅनर आधी भोरकरकडे होता आणि तो लॉगआउट न करता चहाला गेलेला. त्यामुळे चूक त्याच्या नावावर पडली. सगळ्यांसमोर त्याला ऐकवलं, बोर्डावर त्याच्या नावापुढे लाल मार्करने १ आला. तो काही बोलला नाही. मीपण काही बोलले नाही. घरी जाताना मेट्रोत बसून मी स्वतःला सांगत होते की उद्या सांगू, आणि उद्या सांगितलं नाही.

पाऊस

त्या वर्षी पावसाने वेड्यासारखं केलं. एरवी जूनमध्ये येणारा मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला थेट पुण्यात. कोणाचीच तयारी नव्हती, आमच्या गोडाऊनची तर नव्हतीच. त्याच आठवड्यात एका रात्री डॉकच्या, म्हणजे ट्रक लागतात त्या बाजूचं गटार तुंबलं आणि एका डॉकचं शटर चार बोटं वर राहिलेलं. सकाळी आलो तर आत घोट्याएवढं पाणी.

पॅलेटची, म्हणजे माल ठेवायच्या चौकटीची उंची जेमतेम वीतभर, पण पॅलेटवरचा माल त्यानेच वाचला. जो माल "आज रात्रीपुरता" म्हणून थेट जमिनीवर लावलेला, त्याचं वाटोळं. तीनशेच्या आसपास कार्टन खालून भिजले, पुठ्ठा मऊ होऊन वरचे थर खाली बसले, लेबलं सुटून पाण्यावर तरंगत होती. कुठलं लेबल कुठल्या कार्टनचं हे सांगणारं कोणी नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम. त्या दिवशी सगळं गोडाऊन, लोडर, ऑफिसवाले, हाउसकीपिंगच्या मावशी, पाणी उपसत होतं. चाळीसेक माणसं. सगळे भिजले, सगळ्यांनी वडापाव खाल्ले, एकदम उत्सवासारखं वातावरण. आणि दुसऱ्या दिवशी सगळे परत आपापल्या जागी, मी त्यातल्या निम्म्यांची नावंसुद्धा विचारली नाहीत. संकटात माणसं जवळ येतात वगैरे म्हणतात ते मला म्हणूनच पूर्ण पटत नाही.

आमच्यात फरक पडला तो पुढच्या कामामुळे. जुने लोक डिस्पॅचला लागले कारण ऑर्डरी अडकलेल्या, आणि भिजलेल्या मालाची मोजणी आम्हा चौघांवर टाकली, सोबत एक लोडर मामा. प्रत्येक कार्टन फोडायचं, आतला माल ओळखायचा, मोजायचा, आणि तीन ढीग करायचे: चालेल, बघू, स्क्रॅप. वायपर प्लॅस्टिकच्या पाकिटात असतात, पुसले की झालं. ऑइल फिल्टरच्या आत कागद असतो, तो भिजला की फिल्टर गेला. गॅस्केटचंही तसंच.

मोजायची पद्धत ब्लाइंड काउंट. म्हणजे सिस्टममध्ये किती नग दाखवतंय ते मोजणाऱ्याला सांगायचंच नाही, नाहीतर माणूस तोच आकडा येईपर्यंत मोजतो. एका जोडीने मोजायचं, दुसऱ्या जोडीने तेच परत मोजायचं, जुळलं तर शीटवर दोन्ही जोड्यांच्या सह्या, नाही जुळलं तर तिसऱ्यांदा. जोडीत एक बोलणार, एक लिहिणार.

आणि बोर्ड? बोर्ड पुसलेला होता. पिकिंगच बंद होतं तर लिहिणार काय.

लाभ

पहिल्या सकाळी मामांनी पहिला खोका उचलला आणि म्हणाले, "लाभ". मी लिहायला बसलेली, मला वाटलं हे पार्टचं नाव. मग "दोन, तीन, चार". भोरकर हसायला लागला. मामा आधी मार्केट यार्डात भुसारला होते, तिथे माप घेताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पाठीने दगा दिला म्हणून पोती सोडून हलक्या खोक्यांकडे आले. तिकडे माथाडी बोर्डात नाव होतं, १९६९ च्या कायद्याचं, पीएफ, दवाखाना सगळं त्यातून. इथे कॉन्ट्रॅक्टरकडे. "तिकडं वजन जास्त होतं पोरी, इथं काळजी जास्त हाय," असं म्हणाले आणि पुढचा खोका उचलला. यावर आम्ही कोणी काही बोलू शकलो नाही, बीकॉमला हे कोणी शिकवलेलं नाही.

दुपारपर्यंत आम्ही चौघंही लाभपासून मोजत होतो.

भांडणं पण पहिल्याच दिवशी सुरू झाली, कारण मराठी आकडे. मी इंग्लिश मीडियमची. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात मला दर वेळी मनातल्या मनात थांबावं लागतं. वर पत्र्यावर पाऊस वाजतोय, बाजूला फोर्कलिफ्ट रिव्हर्सला पी-पी करतोय, आणि भोरकर ओरडतोय "एकोणऐंशी", मी लिहिलं ८९. जुळलं नाही. परत मोजलं. परत जुळलं नाही. नगरकर म्हणाला, "पेठ, आकडे येत नाहीत तर लिहायला कशाला बसता?" तेव्हा सासवडकर पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "ए, तिला नाही येत तर आपण वेगळं बोलू, त्यात काय?"

मग "वीस एक" निघालं. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी वीस एक, वीस दोन आणलं तेव्हा केवढा गोंधळ झालेला, टीव्हीवर चर्चा, आमच्या घरी आजोबा पेपर हातात घेऊन चिडलेले. त्याची गरज मला चाकणला कळली. ठरलं की आकडे "सत्तर नऊ" असे बोलायचे आणि लिहिणाऱ्याने परत बोलून दाखवायचे. मामा आम्हाला हसले. भोरकर अर्धा दिवस विसरून जुन्या पद्धतीने बोलत राहिला.

सत्तावीस

तिसरा दिवस. वायपरचे कार्टन. लेबलं भिजून बारकोडच्या रेघा पसरलेल्या, स्कॅनर काही घेईना, पण खालचे आकडे वाचता येत होते. मग भोरकर वाचणार आणि मी टाइप करणार. तेरा आकडे असतात, इथल्या कंपन्यांचे कोड बहुतेक ८९० ने सुरू होतात. सगळे आकडे नीट सुटे सुटे वाचत आला आणि शेवटाकडे सवयीने म्हणाला, "शून्य सत्तावीस". मी ऐकलं "सत्ता" आणि बोटाने आधी ७ दाबलं, मग २. मराठीत सात आधी येतो नं, वीस नंतर. पूर्ण लॉट तसाच गेला, कारण एकदा कोड टाकला की नंतर फक्त नग टाकायचे.

सिस्टमने काही कटकट न करता घेतलं. संध्याकाळी दुसऱ्या जोडीची शीट आली तर बावीस इंचाचे वायपर ३८ जास्त आणि सोळा इंचाचे ३८ कमी. साडेसहा वाजलेले, सगळे निघायच्या तयारीत, पाऊस चालू. आणि मला पोटात एकदम खड्डा पडला, कारण शीटवर माझं अक्षर. मी तो लाल मार्कर आठवत होते.

नगरकर काहीतरी बोलणार असं वाटलं. तो म्हणाला, "दोन्हीकडे अडतीसच आहेत, म्हणजे माल कुठे गेला नाहीये, नाव चुकलंय." बस. बॅग खाली ठेवली आणि बसला.

सासवडकरला वेगळाच प्रश्न पडला. बारकोडचा शेवटचा आकडा तपासणीचा असतो, एक आकडा चुकला तर सिस्टमने नाही म्हणायला पाहिजे, मग इथे का नाही म्हणालं? तिने एका फाटलेल्या कार्टनच्या पाठीवर मार्करने गणित मांडलं. आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणतात, बेरीज करतात, आणि ती बेरीज दहाच्या पटीत आणणारा आकडा शेवटी बसतो. आता २ एकदा आणि ७ तीनदा, झाले २३. उलट केलं तर ७ एकदा आणि २ तीनदा, झाले १३. फरक बरोबर दहाचा. आणि दहाचा फरक त्या शेवटच्या आकड्याला दिसतच नाही! म्हणजे शेजारशेजारच्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असेल आणि ते उलटे पडले, १६ चे ६१, ३८ चे ८३, तर बारकोड गप्प बसतो. आणि त्याच कंपनीच्या दोन वायपरना ०२७ आणि ०७२ हेच नंबर मिळालेले, आमचं नशीब.

चौघं त्या ओल्या पुठ्ठ्याभोवती उकिडवे बसून बघत होतो. मी म्हणाले, "चूक माझी आहे, मी उलटं टाइप केलं." भोरकर म्हणाला, "मी सत्तावीस म्हटलं नं, ठरलेलं सुटे आकडे बोलायचे." नगरकर म्हणाला, "दुसऱ्या मोजणीत कोड मीच वाचला आणि वेगळा आलेला बघूनपण गप्प बसलो, मला वाटलं आपलंच चुकलं असेल." म्हणजे तिघं चूक आपल्याकडे ओढत होते आणि हे मी या गोडाऊनमध्ये पहिल्यांदा बघत होते.

मग माझ्या तोंडून ते ब्रेक पॅडचं पण निघालं. नग आणि बॉक्स, त्याचं लॉगिन, सगळं. भोरकरने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माहितीय गं. तो बिन माझ्या लिस्टमध्ये नव्हताच."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. मग लय दिवस झाले, मग कंटाळा आला."

"तू" कधी सुरू झालं ते आम्हाला तिथेच लक्षात आलं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, वाटलंही, पण सगळे हसत होते. त्या दिवशी नाशिक फाट्याला पोचायला साडेनऊ झाले, आईचे सात मिस्ड कॉल.

मग नक्की कशामुळे

यावर मी नंतर बराच विचार केलाय. बोर्डावर प्रत्येकाचा आकडा वेगळा असताना दुसऱ्याची चूक ही माझ्या फायद्याची होती, आणि माझी चूक लपवण्यात माझा फायदा होता. मी वाईट मुलगी आहे म्हणून गप्प बसले असं नाही, बोर्डाने माझं तोंड बंद ठेवायचे मार्क ठेवलेले. मोजणीत उलटं. समोरच्या जोडीचा आकडा माझ्याशी जुळल्याशिवाय माझी शीटच बंद होत नाही, त्यामुळे "तुझं किती आलं?" हे दिवसात पन्नासदा विचारावं लागतं. आणि पन्नासदा विचारताना तुम्ही-आम्ही टिकत नाही.

थोडं नशीबही होतं हे मान्य. सुपरवायझर सर चार दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. ते उभे असते तर त्या संध्याकाळी मी तोंड उघडलं असतं का? खात्री नाही. आणि मामा नसते तर लाभ नसता, आम्ही नुसते मोजणारे राहिलो असतो.

मोजणी संपली, सोमवारी बोर्ड परत आला. आम्ही जाऊन सरांना विचारलं की चौघांचा एकच आकडा लिहाल का, ते म्हणाले असं नसतं. मग आम्हीच आपसात ठरवलं, ज्याचं लवकर होईल त्याने बाकीच्यांच्या लिस्टमध्ये नग-बॉक्स बघायचा आणि स्कॅनर सोडताना लॉगआउट झालंय का ते पुढच्याने तपासायचं. चुका कमी झाल्या, बोर्डावर दिसल्या, पण कशामुळे ते कोणी विचारलं नाही. नगरकर तरी पहिलाच राहिला. पण आता कुठला पार्ट कुठे ते ओरडून सांगायचा, "पेठ, तिसरी गल्ली, खालचा बिन!"

डब्यांचं तेव्हा सुरू झालं. नगरकरच्या घरची शेंगदाण्याची चटणी भोरकर नुसत्या चमच्याने खायचा. अंजिराचा सीझन तोवर संपलेला, सासवडकर अजून ऐकवते, "तेव्हा एकेकच घेतला होतात."

नोकरीसाठी नगरकरलाच विचारलं, तो आता तिथेच आहे, पॅलेटशिवाय काही जमिनीवर ठेवू देत नाही म्हणे. भोरकर आणि सासवडकर शेवटच्या वर्षाला, मीपण. ग्रुपचं नाव "लाभ". मामांकडे साधा फोन आहे, ते ग्रुपवर नाहीत, त्यांना नगरकर सांगतो.

एक राहिलं. सगळं जुळल्यावरही शेवटच्या शीटमध्ये सोळा इंचाचा एक वायपर कमी आला, आम्ही तिसऱ्यांदा मोजलं, चौथ्यांदा मोजलं, शेवटी "फरक १" लिहून चौघांनी सह्या केल्या. नगरकर म्हणतो अकरा नंबरच्या शीटमध्ये कोथरूडकरने लाभ आणि एक दोन्ही मोजलं. मी म्हणते तो वायपर भोरकरच्या चुलत्याच्या जीपला लागलाय. भोरकर म्हणतो जीपला सोळा इंचाचा बसतच नाही.